पट्टीसारखा सरळ

आमच्या सोसायटीत कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं की 'वाटी बदलली' म्हणतात. जणू डब्यातली आमटीची वाटी हरवली आणि दुसरी आणली. माझी वाटी तर जागच्या जागी आहे. वरच्या आणि खालच्या हाडांची टोकं कापली, त्यांवर धातूच्या टोप्या बसवल्या, मधे प्लास्टिकची चकती घातली, आणि गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना जे पट्टे असतात, लिगामेंट म्हणतात ते, त्यांच्यावर सगळा भार टाकून मंडळी हात धुऊन मोकळी झाली. हे सगळं मला नंतर कळलं. आधी मी काही विचारलं नाही. मला एकाच गोष्टीशी मतलब होता: पाय सरळ होईल ना?

सत्तरी उलटलेल्या बाईला पाय सरळ कशाला हवा, असं तुम्ही म्हणाल. आमच्या ह्यांनीही विचारलं होतं, "आता कुठे परेडला जायचंय का?"

त्याचं असं आहे की मी जन्माची फेंगडी. उभी राहिले की दोन्ही घोटे जुळायचे, पण गुडघे जुळायचे नाहीत. मधून कोंबडी जाईल एवढी जागा. हे माझं माप नव्हे, माझ्या आत्याचं आहे. विदर्भातल्या आमच्या गावी अंगणात खरोखरच्या कोंबड्या होत्या, आणि एखादी जवळून गेली की आत्या म्हणायची, "फेंगडे, जरा सरक, तिला वाट दे." सगळे हसायचे. मीही हसायची. हसायची आणि घरात जाऊन आईच्या जुन्या लुगड्याच्या काठाने दोन्ही गुडघे एकत्र आवळून झोपायची. कुणीतरी सांगितलं होतं की वाढत्या वयात हाड ओलं असतं, बांधून ठेवलं की वळतं. हाड वळलं नाही. एकदा घाईत काठ न सोडता उठले, तोंडावर पडले आणि पुढचा दात अर्धा गेला. तेव्हापासून फेंगडी आणि दातपडकी, अशा दोन पदव्या. इतकी हुशार मुलगी पुढे सरकारी नोकरीला लागली यात नवल ते काय!

नोकरीही नेमकी कसली मिळाली, तर अनुरेखकाची. म्हणजे नकाशांवर पातळ कापड ठेवून शाईने रेघा गिरवायच्या. पुण्याला आले, टेबलाशी बसले आणि पट्टीच्या प्रेमात पडले. माझ्या हातची रेघ पाहून साहेब म्हणायचे, "बाईंची रेघ म्हणजे रेघ!" खालून टेबलाआड दोन धनुष्यं आणि वर ही सरळ रेघ. मला वाटायचं, कमरेखालचं कुणाला दिसतच नाही. लग्नाच्या बोलणीत ह्यांच्या मावशींनी "चाल बघू बाळ जरा" म्हटलं, तेव्हा साडी इतकी खाली नेसले होते की निऱ्यांनी अख्खी खोली झाडली गेली. लग्नानंतर ह्यांनी सांगितलं, "मला पहिल्या पावलातच दिसलं होतं. वाटलं, मुलगी आत्ताच घोड्यावरून उतरलेली दिसते." मी आठवडाभर बोलले नाही. आता आठवलं की मला त्या घोड्याची दया येते.

माझे फोटोही बघण्यासारखे आहेत. सगळ्या फोटोंत माझ्यापुढे काहीतरी आहे. खुर्ची, कुंडी, कुणाचं तरी पोर. एका फोटोत तर मी चक्क स्कूटरमागे उभी आहे आणि स्कूटर आमची नाही.

तर अशी ही बाई. साठी ओलांडल्यावर गुडघे झिजले. झिजेनात का, सगळ्यांचे झिजतात. पण माझं दुखणं निराळ्या ठिकाणी होतं. कर्वेनगरला आमच्या घरापासून जवळ एक लहानसं विहार आहे. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून मी तिथे वंदना सांगायची, पुढच्या ओळीत, सतरंजीवर. माझ्या मागून सगळ्या म्हणायच्या. आणि सुरुवातीला तीन वेळा पंचांग प्रणाम: दोन गुडघे, दोन तळहात आणि कपाळ, अशी पाच अंगं जमिनीला टेकवायची. आयुष्यात ही एकच जागा होती जिथे गुडघे जुळतात की नाही हे कुणी बघत नव्हतं. गुडघे टेकले, कपाळ टेकलं की फेंगडी आणि सरळ सगळ्या सारख्याच. मला ते फार आवडायचं. भक्ती होतीच, पण खरं सांगायचं तर ही सोयही होती.

मग ते बंद झालं. खाली बसता येईना, बसलं तर उठता येईना. मला मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. खुर्चीवाल्यांची तिथे वेगळी रांग असते. पुढे भंतेजी खाली आसनावर आणि मी त्यांच्याहून हातभर उंच. लहानपणापासून शिकवलं होतं की भिक्खूपेक्षा उंच बसू नये. पहिल्या पौर्णिमेला वंदना सांगताना माझा आवाजच फुटेना. माझी एक मैत्रीण आहे, वर्षानुवर्षं माझ्या शेजारी बसणारी. ती खालून वळून म्हणाली, "ताई, वरून आवाज येईना. रेंज नाही का?" हसले. पण त्याच दिवशी ठरवलं: ऑपरेशन करायचं, आणि परत खाली बसायचं. एवढंच हवं होतं मला.

एवढंच हवं होतं, हे आता लक्षात येतं. त्या डॉक्टरांसमोर बसले तेव्हा मात्र दुसरंच काहीतरी मागून बसले.

डॉक्टर नावाजलेले. माझ्या मुलीएवढे, पण मला 'आजी' म्हणाले, तिथेच सावध व्हायला हवं होतं. कमरेपासून घोट्यापर्यंतचा लांबलचक एक्स-रे काढला आणि संगणकावर लावला. माझी दोन धनुष्यं, पांढरी शुभ्र, सगळ्यांच्या देखत. मुलगी शेजारी बसलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "संधिवाताने बघा पाय किती वाकलेत! काळजी नको, सरळ करून देतो."

संधिवाताने! कुणीतरी पहिल्यांदा माझ्या पायांचा दोष माझ्या म्हातारपणावर ढकलला होता. जन्मापासूनचे आहेत, असं सांगायचं सुचलंच नाही, आणि सुचलं असतं तरी बाईसाहेब बोलल्या नसत्या. मग त्यांनी पडद्यावर खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एक रेघ ओढली. "ही रेघ आज गुडघ्याच्या आतल्या कडेने जाते. ऑपरेशननंतर बरोबर मधून जाईल. पट्टीसारखा पाय."

पट्टी म्हटलं आणि मी गेले. तीस वर्षं जिने रेघा ओढल्या तिला समोरून कुणी रेघ दाखवावी! काय रेघ होती! मी म्हटलं, "कधी करायचं?"

त्यांनी मला विचारलं नाही की गुडघा कशासाठी हवाय. मी सांगितलं नाही. घरी आल्यावर हे म्हणाले, "खाली बसता येईल का ते विचारलंस?" मी म्हटलं, "सरळ पाय असल्यावर सगळंच येतं."

डाव्या पायाचं झालं. पाय सरळ झाला. तिसऱ्या दिवशी वॉकर धरून आरशासमोर उभी राहिले आणि गाऊन गुडघ्यापर्यंत वर धरून बघत राहिले. नर्स म्हणाली, "आजी, काय बघताय?" म्हटलं, "ओळखीची वाटत नाही." माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. हे लिहितानाही त्या म्हातारीच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

कारण पाय सरळ झाला आणि तसाच राहिला. वाकेना. खुर्चीवर बसल्यावर पाऊल खुर्चीखाली जात नाही, पुढेच राहतं, जाणाऱ्या-येणाऱ्याला अडकतं. आतल्या बाजूला सतत ओढल्यासारखं होतं, जणू कुणी आतून आईच्या लुगड्याचा तोच काठ आवळून बांधलाय. आणि डावा पाय उजव्यापेक्षा किंचित लांब झाला, कारण धनुष्य सरळ केलं की लांब होणारच. हे मला, नकाशे काढलेल्या बाईला, आधी कळू नये!

डॉक्टरांकडे गेलं की ते एक्स-रे लावत. "बघा आजी, परफेक्ट! विद्यार्थ्यांना दाखवतो मी हा."

"पण वाकत नाही हो."

"व्यायाम कमी पडतोय."

"आतून ओढतं."

"मनात भीती धरलीय तुम्ही. तुमच्याच वयाचे एक काका माझ्याकडे होते, पर्वती चढतात आता."

त्या काकांना मी इतक्या शिव्या घातल्या आहेत की ते एव्हाना पर्वतीवरून गडगडत खाली आले असतील. फिजिओथेरपीवाली रोज येऊन गुडघा दाबायची आणि मी उशी चावायची. मुलगी हिंजवडीहून फोन करायची, तोही बसमधून, मागे हॉर्न. "आई, एक्सरसाइज केलीस का? डॉक्टर म्हणाले ना, विल पॉवर लागते." मुलगी वाईट नाही. तिने एक्स-रे पाहिला होता. एक्स-रे सरळ होता. सरळ चित्रापुढे वाकड्या तोंडाच्या म्हातारीवर कोण विश्वास ठेवणार? इतकी वर्षं मी लोकांना पाय दिसू दिला नव्हता. आता पाय सगळ्यांना दिसत होता, दुखणं तेवढं कुणाला दिसत नव्हतं.

फक्त हे एकदा म्हणाले, "फोटो एवढा छान आलाय ना, तर मग फोटोलाच पाठव विहारात."

विहारात मी गेले, खुर्चीवर. आता तर पाय पुढे ताठ. खुर्ची तिरकी ठेवावी लागायची, नाहीतर तळवा सरळ बुद्धमूर्तीकडे. शेवटी वंदना सांगायचं काम मैत्रिणीने घेतलं. तिने मागून घेतलं नव्हतं, मीच दिलं होतं. तरी महिनाभर मी तिच्या उच्चारांतल्या चुका काढत बसले. तिच्या उच्चारात काही वाईट नव्हतं. वाईट माझ्या गुडघ्यात होतं.

मग उजवा गुडघा बोलू लागला. त्या डॉक्टरांकडे जायचं नाही, एवढं नक्की होतं. मुलगीच म्हणाली, "दुसरं ओपिनियन घेऊ." तिने एवढं म्हटलं तेव्हा माझं निम्मं दुखणं गेलं, पण ते मी तिला सांगितलं नाही. शेफारायची.

या डॉक्टर बाई. केबिन लहान, बोलणं त्याहून लहान. त्यांनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि मला आडवं केलं. डावा गुडघा हातात धरून आत ढकलला, बाहेर ढकलला, वाकवला, सोडला. बराच वेळ. म्हणाल्या, "आत घट्ट आहे. वाकवलं की सगळीकडूनच घट्ट."

"मनात भीती धरलीय मी," मी म्हटलं.

"मनाला लिगामेंट नसतात," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं आणि मला ते असं कळलं. गुडघा म्हणजे उशी, लिगामेंट म्हणजे अभ्रा. टोप्या ठरावीक मापांत येतात, आणि माझं हाड दोन मापांच्या मधलं असणार. मोठं माप घातलं. उशी मोठी, अभ्रा तोच. उशी दिसते मस्त, गुबगुबीत. पण दुमडायला जा, शिवण ताणते. शिवाय माझा अभ्रा जन्मापासून वाकड्या उशीवर बेतलेला. तो पट्टीसारख्या उशीवर चढवायला आतली बाजू थोडी उसवली, तरी ओढ राहिलीच.

"ब्लाऊज असता तर कडेला दोन टाके सोडले असते," मी म्हटलं.

"हाड आहे. टाके नाहीत," बाई म्हणाल्या. मग एक्स-रे उजेडापुढे धरून म्हणाल्या, "पाय आधीपासून असेच होते का? तरुणपणचा एखादा फोटो आहे का, पाय दिसतील असा?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिने आमचे सगळे फोटो पाहिलेत. खुर्ची, कुंडी, पोर, लोकांची स्कूटर. ती तोंडावर हात ठेवून हसायला लागली आणि मग तिचं हसू हळूहळू थांबलं.

"आई, तू सगळ्या फोटोंत कशाच्या तरी मागे का उभी असतेस ते मला आज कळलं."

बाई थांबल्या होत्या. शेवटी मी म्हटलं, "फोटो नाही. पण मला लहानपणापासून फेंगडी म्हणायचे."

"कोण?"

"सगळेच. पायांतून कोंबडी जाईल म्हणायचे."

त्या हसल्या नाहीत. "मग हाडाचा आकार बोलतोय ते बरोबर आहे," म्हणाल्या आणि माझ्या कागदावर इंग्रजीत लिहिता लिहिता मधेच मराठीत लिहिलं: फेंगडी, लहानपणापासून. आयुष्यभर जी शिवी लपवली ती अशी सरळ केसपेपरवर चढली. आत्याला मेल्यावर निदान एक काम लागलं.

उजव्या पायाचं बाईंनी स्पष्ट सांगितलं. "मी हा पूर्ण सरळ करणार नाही. थोडा वाकडा ठेवीन, तुमच्या लिगामेंटना सवय आहे तसा. माप लहान घेईन. दिसायला तुम्हाला आवडणार नाही कदाचित."

"वाकेल?"

"वाकायला हवा. शब्द देत नाही."

"टेकवता येईल?"

"मऊ काहीतरी खाली घेऊन, जपून, हो."

आणि डावा? डाव्याचं मी सगळ्यात शेवटी विचारलं. त्या म्हणाल्या, "काढून दुसरा बसवता येतो. पण हाड आणखी जाईल, आणि याहून बरा होईलच असं मी सांगू शकत नाही. माझ्या आईला मी करू नको म्हटलं असतं."

म्हणजे डावा असाच. कायमचा. पट्टीसारखा.

परत येताना रिक्षात मुलगी म्हणाली, "एक पाय सरळ आणि एक वाकडा? आई, लोक काय म्हणतील?"

मी उत्तर द्यायच्या आत, माझ्या ताठ पायाला मागे जागा देऊन पुढे रिक्षावाल्याशेजारी अंग चोरून बसलेले हे म्हणाले, "आधी दोन वाकडे होते, तेव्हा मी काही म्हटलं का?"

"घोड्याचं म्हणालात," मी म्हटलं.

"ते कौतुक होतं."

उजवा झाला. आरशासमोर मी उभी राहिले नाही. गरजच नव्हती; खाली पाहिलं की दिसतं. एक पाय इंग्रजी आणि एक मोडी. चालताना डावीकडून ठक् आणि उजवीकडून मऊ. उजव्या चपलेत जाड तळवा शिवून घेतला, तरी थोडी कलतेच. पण उजवा वाकतो. पलंगावर बसून मी त्याला एकटीच वाकवत आणि सोडत बसते, लहान मूल दार उघडझाप करतं तसं. हे विचारतात, "बिजागरी चांगली आहे का?" मी म्हणते, "ही चांगली आहे." आणि मग डाव्याकडे बघते. तो समोर पसरलेला असतो, देखणा, कुणाच्याही उपयोगाचा नाही.

बाईंनी परवानगी दिल्यावरच्या पहिल्या पौर्णिमेला मी पांढरी साडी नेसले आणि घरातली एक जुनी उशी काखेत मारून विहारात गेले. मैत्रिणीला आधीच सांगितलं होतं, आज मी खाली बसणार. तिने पुढच्या ओळीत माझी जागा धरून ठेवली होती. तिथे गेले, उशी टाकली. एका हाताने तिचा खांदा धरला, उजवा गुडघा वाकवला. वाकला! उशीवर टेकला! आणि खाली जाता जाता डावा पाय पुढे सरकला, सरकणारच होता, दुसरी वाटच नाही त्याला. माझा तळवा नेमका मूर्तीसमोर.

"ताई, पाय!" मैत्रीण कुजबुजली.

"तो तिकडेच जातो."

"बाजूला घ्या ना."

"बाजूला तुम्ही आहात."

ती मला उठवू लागली. दोघीतिघींनी धरून उठवलं. भंतेजी म्हणाले, "राहू द्या, ताई. बुद्धाला राग येत नाही." खरं आहे, त्याला येत नसेल. मला येतो. मला त्या डॉक्टरांचा येतो, त्या पर्वतीवाल्या काकांचा येतो, आणि सगळ्यात जास्त त्या बाईचा, जिने रेघ पाहिली आणि 'कधी करायचं' विचारलं.

मी उशी उचलली आणि मागे गेले. कोपऱ्यात भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून उभ्या केल्या होत्या. त्यांच्याकडे तोंड केलं, मूर्तीकडे पाठ होऊ नये म्हणून जरा तिरकी झाले, उशी टाकली, भिंत धरली आणि खाली गेले. उजवा गुडघा टेकला. डावा पाय खुर्च्यांच्या चळतीखाली शिरला. दोन्ही तळहात टेकवले. कपाळ टेकवलं, जमिनीला खरंच टेकवलं, फरशी गार लागली. पुढे मैत्रिणीने वंदना सुरू केली होती आणि सगळ्या तिच्या मागून म्हणत होत्या. मीही म्हटली, कपाळ वर न उचलता.

संपल्यावर ती माझ्याजवळ आली. माझा हात धरून उठवत म्हणाली, "जमला की प्रणाम!"

"चतुरंग झाला," मी म्हटलं. "पाचवं अंग सरळ आहे."

ती हसली. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. ज्या खुर्च्यांवरून उतरण्यासाठी दोन गुडघे कापून घेतले, त्यांच्यापुढेच मी इतका वेळ डोकं टेकून होते. म्हटलं, "पुढच्या पौर्णिमेला या खुर्च्या मूर्तीजवळ ठेवा बाई. निदान खुर्च्यांना केलेला माझा नमस्कार मूर्तीच्या वाटेवर तरी पडेल."